श्रेय आकाशाचं, घाम जमिनीचा

मोटारीला वाट कशी सापडली याची एक गोष्ट आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. अमेरिकी लष्कराने आपल्या पाणबुड्यांसाठी आणि बॉम्बफेकीसाठी आकाशात उपग्रह सोडले. 1983 मध्ये सोव्हिएत लढाऊ विमानाने वाट चुकलेलं एक कोरियन प्रवासी विमान पाडलं, 269 माणसं गेली, आणि अध्यक्ष रेगन यांनी ते लष्करी गुपित जगाला मोकळं करून दिलं. तरी सिग्नलमध्ये मुद्दाम कालवलेली भेसळ होतीच. ती 2000 च्या मे महिन्यात क्लिंटन यांनी काढली आणि मोटारींना रस्ते दिसू लागले. इंजिनिअरिंगच्या वर्गात ही गोष्ट ऐकायला मिळते, रविवारच्या पुरवण्यांत वाचायला मिळते, आणि लांबच्या प्रवासात ड्रायव्हरशेजारी बसलेला कोणीतरी जाणकार ती हमखास सांगतो.

पूर्वपक्ष मांडताना तो लंगडा करून मांडू नये, असा आपल्या जुन्या वादपद्धतीचा दंडक आहे. म्हणून आधीच कबूल करतो: विमान पडलं, रेगन सरकारची घोषणा झाली आणि 1 मे 2000 च्या मध्यरात्री भेसळही थांबली. घटनांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझी हरकत त्यांच्या मध्ये बसवलेल्या 'म्हणून'ला आहे. उपग्रह आले म्हणून मोटारीला वाट दिसली, हे मला मान्य नाही. मोटारीने वाट ओळखायची विद्या जमिनीवर जन्मली आणि जमिनीवरच वयात आली. उपग्रह आला तेव्हा घरात पान वाढून तयार होतं.

आधी तारखा बघू. जीपीएसचा पहिला उपग्रह फेब्रुवारी 1978 मध्ये गेला. 24 उपग्रहांची पूर्ण माळ ओवून व्हायला आणि ती पुरती तयार आहे असं जाहीर व्हायला 1995 उजाडलं. पण होंडाने मोटारीतलं दिशादर्शक यंत्र बाजारात आणलं ते 1981 च्या ऑगस्टमध्ये. इलेक्ट्रो जायरोकेटर हे त्याचं नाव. त्यात हेलियम वायूची बारीक धार दोन तापलेल्या तारांवर सोडलेली असे. गाडी सरळ चालली तर दोन्ही तारा सारख्याच थंड होत. गाडी वळली की धार किंचित बाजूला सरके, एक तार जास्त गार होई, आणि त्या फरकावरून गाडी किती वळली ते कळे. अंतर चाकांच्या फिरण्यावरून. पडद्यावर नुसती उजळ रेघ उमटायची, आणि त्या पडद्यासमोर चालकाने पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा हाताने सरकवून बसवायचा. आपण कुठून निघालो तेही त्यानेच दाखवून द्यायचं. किंमत सुमारे 3 लाख येन, म्हणजे जवळजवळ पाव मोटार. खप अर्थातच बेताचा झाला. पण या यंत्राचा आकाशाशी काडीचाही संबंध नव्हता.

गंमत अशी, की त्याच सुमाराला आकाशाकडे बघणारेही होते. 1983-84 मध्ये फोर्डने आणि क्रायस्लरने उपग्रहावरून ठिकाण ओळखणाऱ्या गाड्या प्रदर्शनांत मांडल्या. फोर्डच्या गाडीला आधार होता ट्रान्झिट या नौदलाच्या जुन्या उपग्रहांचा. ते मुळात पोलॅरिस पाणबुड्यांसाठी होते. एक उपग्रह डोक्यावरून गेला की पुढचा येईपर्यंत कधी कधी तासाहून जास्त वाट बघायची. समुद्रात संथ चाललेल्या जहाजाला हे चालतं, डेट्रॉइटच्या चौकात हिरवा दिवा लागलेल्या गाडीला कसं चालावं? त्या गाड्या प्रदर्शनातच राहिल्या. चाकाचे फेरे मोजणारे मात्र दुकानात पोचले.

त्यांतलं सगळ्यांत देखणं काम कॅलिफोर्नियात झालं. स्टॅन हनी हा शिडाच्या होड्यांच्या शर्यतींतला नावाजलेला दिशादर्शक. अटारी या व्हिडिओ गेमच्या कंपनीचा संस्थापक नोलन बुशनेल याच्या होडीवर तो 1983 च्या ट्रान्सपॅक शर्यतीत वाट दाखवायला होता. बुशनेलच्या पैशावर हनीने ईटॅक कंपनी काढली, आणि 1985 मध्ये तिचं नॅव्हिगेटर हे यंत्र विक्रीला आलं. किंमत सुमारे 1,400 डॉलर. मागच्या काचेजवळ चुंबकीय होकायंत्र, चाकांच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चुंबकपट्ट्या, आणि नकाशे चक्क कॅसेटवर. लॉस एंजेलिससारखं पसरलेलं शहर एका कॅसेटमध्ये मावत नसे. गाणं बदलावं तशी कॅसेट बदलून गाडी पुढच्या उपनगरात शिरायची!

ईटॅक हा शब्द प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशियाच्या नावाड्यांचा. कागदी नकाशा आणि होकायंत्र हाताशी नसताना शेकडो मैल जाणाऱ्या या लोकांची हिशेब ठेवायची रीत उलटी होती. आपली होडी स्थिर आहे, आकाशातल्या ताऱ्यांच्या वाटाही स्थिर आहेत, आणि बाजूचं एखादं बेट मागे मागे सरकत चाललं आहे, असं ते मनाशी धरत. बेट कोणत्या ताऱ्याखाली आलं यावरून प्रवास किती झाला ते कळे. हनीच्या पडद्यावरही गाडीचा त्रिकोण मधोमध खिळलेला असे आणि नकाशा त्याच्याखालून सरकत व वळत जाई. आज तुमच्या-आमच्या फोनवर निळा बाण जागेवर राहतो आणि रस्ते त्याच्याकडे धावत येतात, ती हीच मांडणी.

आता मुद्द्याचा गाभा. उपग्रह मोटारीला सांगतो तरी काय? खरं तर तो मोटारीशी बोलतच नाही. आता किती वाजले आणि मी कुठे आहे, एवढंच तो 20,200 किलोमीटरवरून सतत ओरडत असतो. चार उपग्रहांच्या ओरडण्यातला वेळेचा फरक मोजून आपलं यंत्र अक्षांश, रेखांश आणि उंची काढतं. हाती येतात आकडे. त्या आकड्यांत रस्ता नसतो, एकेरी वाहतूक नसते, 'पुढच्या चौकात डावीकडे' नसतं. ते येतं नकाशातून आणि गणितातून, आणि ते गणितही उपग्रहाचं देणं नाही. दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट काढायची रीत डच गणिती डाइक्स्ट्रा याने 1959 साली छापली तेव्हा स्पुटनिक सुटून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

राहिलं ठिकाण ओळखणं. तेही उपग्रहाविना कसं जमे, हे जवळून बघण्यासारखं आहे. गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर धरा. गाडी काटकोनात वळली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण 2.4 मीटर जास्त चालतं, म्हणजे सुमारे सव्वा फेरा जास्त. हा फरक मोजला की वळण कळलं. एकूण फेरे मोजले की अंतर कळलं. हे शास्त्र आपल्याला परकं नाही. एकोणिसाव्या शतकात सर्व्हे ऑफ इंडियासाठी तिबेटात शिरलेला कुमाऊंचा नैनसिंह रावत हेच करत होता. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी, शंभर पावलांना एक मणी, आणि लपवलेलं होकायंत्र. ल्हासापर्यंतची वाट त्याने अशी मोजून आणली. खलाशी याला डेड रेकनिंग म्हणतात. आपण सरळ 'चाललेल्याचा हिशेब' म्हणू.

या हिशेबाचा दोष असा, की चूक साचत जाते. टायर झिजलं, हवा कमी-जास्त झाली, की फेऱ्याची लांबी बदलते. एक टक्क्याची चूक दहा किलोमीटरवर 100 मीटर होते. इथे हनीच्या आधीचा एक माणूस आठवला पाहिजे: रॉबर्ट फ्रेंच. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रं टाकणाऱ्या गाड्यांसाठी त्याने एक यंत्र बनवलं आणि त्यात एक साधी पण फार मोठी गोष्ट वापरली. मोटार रस्त्यावरूनच चालते. होडीला समुद्र मोकळा असतो, विमानाला आकाश. मोटारीला मोकळीक नाही, आणि तिची ही अडचणच यंत्राच्या कामाला येते.

समजा आपण पुण्यात डेक्कनवरून कर्वे रस्त्याने निघालो आणि हिशेब म्हणतो, की गरवारे कॉलेज मागे टाकल्यावर, नळ स्टॉपच्या 70 मीटर अलीकडे गाडी उजवीकडे काटकोनात वळली. तिथे तर घरं आहेत. गाडी कुणाच्या स्वयंपाकघरातून गेलेली नाही हे नक्की. म्हणजे ती चौकातच वळली, आणि चुकला तो हिशेब. यंत्र त्रिकोण उचलून लॉ कॉलेज रस्त्यावर ठेवतं, साचलेली चूक तिथल्या तिथे पुसतं, आणि वर हेही शिकतं की आपण धरलेली टायरची लांबी जरा कमी-जास्त करायला हवी. गाडी जितकी जास्त वळेल तितकी जास्त खात्री. याला नकाशा-जुळणी म्हणतात. हे आहे या विद्येचं हृदय, आणि त्यात उपग्रह कुठेही येत नाही.

आता क्लिंटन यांच्या मध्यरात्रीकडे वळू. मार्च 1990 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालणं रीतसर सुरू केलं. आखाती युद्धाच्या काळातले काही महिने सोडले तर ती 2000 पर्यंत चालू होती. तिच्यामुळे ठिकाण 100 मीटरपर्यंत इकडेतिकडे होई. आणि जीपीएसवर चालणारी पहिली मोटार म्हणून जिचं नाव घेतात ती माझदाची युनॉस कॉस्मो बाजारात आली तीसुद्धा 1990 च्याच वसंतात! म्हणजे सिग्नल गढूळ झाला आणि मोटार तो प्यायला बसली, हे एकाच हंगामात. उपग्रहांची माळही तेव्हा अपुरीच होती. तरी पुढच्या दहा वर्षांत जपानमध्ये अशा यंत्रांच्या लाखो मोटारी रस्त्यावर आल्या. 100 मीटर चूक म्हणजे टोकियोत तीन-चार गल्ल्या. अशा सिग्नलवर त्या गाड्या योग्य गल्लीत कशा वळत होत्या? गिरकी मोजणारा जायरो, चाकाचे फेरे आणि नकाशा-जुळणी यांच्या जोरावर. उपग्रह दूरच्या नातेवाइकासारखा अधूनमधून 'साधारण या भागात असशील' असं सांगून जाई, आणि त्याचं किती ऐकायचं ते नकाशा ठरवे. (जाता जाता: त्याच दशकात अमेरिकेचं कोस्ट गार्ड किनाऱ्यावरून दुरुस्तीचे सिग्नल पाठवून, आपल्याच सरकारने घातलेली ही चूक जहाजांसाठी काढून देत होतं. एका खात्याने पाणी घालायचं आणि दुसऱ्याने आटवायचं, हा प्रकार फक्त आपल्याकडेच चालतो असं समजायचं कारण नाही.)

जपानच पुढे का, हा प्रश्न कुणी सहसा विचारत नाही. उपग्रह अमेरिकेचे, मग मोटारी जपानच्या का? उत्तर पत्त्यात आहे. जपानी शहरांत बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. पत्ता विभागाचा, मग ठोकळ्याचा, मग घराचा. आणि जुन्या रीतीत घरांचे क्रमांक ती बांधली गेली त्या क्रमाने, म्हणून सातच्या शेजारी बावीस. अशा देशात वाट दाखवणाऱ्या यंत्राची गरज टॅक्सीवाल्यापासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांना. शिवाय घरोघरचे तपशील दाखवणाऱ्या नकाशांचा तिथे मोठा धंदा होता, आणि 1988 मध्ये रस्त्यांचा सामाईक संगणकीय नकाशा करण्यासाठी वेगळी संस्थाच स्थापन झाली. टोयोटाने 1987 मध्येच क्राउन गाडीत सीडीवरचा नकाशा दिला होता. तोही उपग्रहाविना.

अमेरिकेतल्या नकाशाची कुळकथा तर याहून अनपेक्षित आहे. ती सापडते जनगणना खात्यात. 1970 च्या जनगणनेचे फॉर्म टपालाने जायचे होते, आणि कोणता पत्ता कोणत्या ठोकळ्यात पडतो हे यंत्राला कळायला हवं होतं. त्यासाठी खात्यातल्या लोकांनी रस्ता चित्र म्हणून न नोंदता नातेसंबंध म्हणून नोंदला: या तुकड्याची दोन टोकं ही, डावीकडचा ठोकळा हा, उजवीकडचा तो, आणि डावी-उजवीकडचे घरक्रमांक इथून इथपर्यंत. याचा फायदा काय? कोणत्याही ठोकळ्याभोवतीचे तुकडे एकापुढे एक लावत गेलं की निघालो तिथेच परत यायला हवं. नाही आलो, तर नोंदीत चूक आहे. वाण्याच्या वहीत जमा-खर्च जुळला नाही की रात्री दिवा लावून चूक शोधायची, तसा हा नकाशा स्वतःची चूक स्वतः सांगत होता. या कामातला गणिती मार्व्हिन व्हाइट पुढे ईटॅकमध्ये आला. खानेसुमारीसाठी घडवलेली वही मोटारीच्या यंत्रात गेली ती अशी.

रेगन यांच्या प्रकरणाला जास्त जागा द्यायची गरज नाही. नागरी सिग्नल जीपीएसच्या मूळ आराखड्यातच होता, आणि त्यावर काम करणारी जमीन-मोजणीची यंत्रं विमान पडण्याआधीच विकत मिळत होती. रेगन सरकारची घोषणा होती ती हमीची: यंत्रणा पुरी झाली की नागरी विमानांनी खुशाल वापरावी. शिवाय त्या कोरियन विमानात दिशादर्शनाची साधनं कमी नव्हती. जडत्वावर चालणारी तीन यंत्रं होती. वैमानिकांनी विमान त्यांच्या हवाली करायचंच राहून गेलं आणि ते एकाच दिशेला धरून चालत राहिलं, असा पुढच्या आंतरराष्ट्रीय चौकशीचा निष्कर्ष आहे.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार आक्षेप. होंडाचं यंत्र पडलं, ईटॅकची विक्री काही हजारांची. ही सगळी आडवाटेवरची खटपट नव्हे काय? घरोघर पोचलं ते उपग्रहाचंच यंत्र ना? यातला अर्धा भाग मी मान्य करतो. ईटॅकचं यंत्र वळणावळणाला सूचना देत नसे. जायचं ठिकाण ताऱ्याच्या खुणेने दाखवी आणि रस्ता तुमचा तुम्ही निवडायचा. चाकाला पट्ट्या चिकटवायला मेकॅनिक लागे. गाडी फेरीबोटीतून उतरली की हिशेब तुटे आणि 'मी इथे आहे' हे यंत्राला पुन्हा शिकवावं लागे. उपग्रहाने हे दोन त्रास संपवले. कुठेही चालू करा, ठिकाण हजर. आणि साचलेली चूक पुसायला वळणाची वाट बघायला नको. 2000 नंतर काचेला चिकटवायची स्वस्त, सुटी यंत्रं निघाली, ती या सोयीमुळेच. यंत्र स्वस्त करून सर्वांच्या हाती देण्याचं श्रेय उपग्रहाचं, आणि ते लहान नाही.

पण आडवाट म्हणावी, तर ती पुढे बंद व्हायला हवी. तशी झाली का? जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने 1989 मध्ये आणलेला ट्रॅव्हलपायलट ईटॅकच्या परवान्यावर बनला. त्याच वर्षी ईटॅक रुपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने घेतली, मग ती सोनीकडे गेली, तिथून 2000 मध्ये टेली ॲटलस या नकाशा कंपनीकडे, आणि टेली ॲटलस 2008 मध्ये टॉमटॉमने सुमारे 290 कोटी युरोंना विकत घेतली. त्याच सुमारास नोकियाने नॅव्हटेक ही दुसरी नकाशा कंपनी घेतली ती सुमारे 810 कोटी डॉलरना. सिग्नल तर तेव्हा फुकट होता, आजही आहे. मग एवढे पैसे कशाचे मोजले? धंदेवाल्यांना कळत होतं की माल कशात आहे.

आणि कुणाला अजून शंका असेल तर आपलाच दाखला घ्यावा. 1995 मध्ये जपानमधल्या नागोयावर जेवढे उपग्रह होते तेवढेच पुण्यावरही होते. सिग्नलला व्हिसा लागत नाही. नागोयाच्या गाड्या तेव्हा वळणं सांगत होत्या. आपण मात्र 'मारुतीच्या देवळासमोरून आत या, मग कुणालाही विचारा' असं फोनवर सांगत होतो, आणि पुढेही दहा-बारा वर्षं तेच सांगत राहिलो. कमतरता गाड्यांची किंवा हुशारीची नव्हती, आकाशाची तर नव्हतीच. रस्त्यांचा यंत्राला वाचता येईल असा नकाशा नव्हता, आणि तपशीलवार नकाशांवर सुरक्षेच्या नावाखाली निर्बंध होते. मॅपमायइंडियासारख्या कंपन्यांची माणसं गल्लीबोळ फिरून नोंदी करत राहिली तेव्हा कुठे 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात इथल्या गाड्यांत ही यंत्रं बसू लागली. नकाशे करण्यावरचे बरेचसे निर्बंध तर 2021 च्या फेब्रुवारीत सैल झाले.

गेल्या दिवाळीत मुंबईहून एक्स्प्रेस-वेने येत होतो. भाताणचा बोगदा लागला. वर डोंगर, आकाश बंद, एकाही उपग्रहाचा आवाज आत पोचायची सोय नाही. फोनवरचा निळा बाण मात्र शिरतानाचा वेग धरून, नकाशातल्या रेघेवरून सरळ पुढे चालला होता, नैनसिंहाच्या मण्यांसारखा एकेक पाऊल मोजत. किलोमीटरभराने आम्ही बाहेर पडलो तेव्हा तो गाडीच्या जरासाच मागे होता, आणि लगेच येऊन मिळाला. मागच्या सीटवरून पुतण्या पुढे वाकून बघत होता. म्हणाला, "काका, सॅटेलाइट बघा ना कसला भारी! बोगद्यातसुद्धा सोडत नाही आपल्याला."